रवांडांतील न्यायमंडळाची पुनर्घटना : न्यायाधीश व वकील यांच्या शिक्षणाचा इतिहास (इ. स. १९९४ ते २०१५)

(१)

एखादें राज्य मोडलें म्हणजे त्याच्या फौजेची, खजिन्याची व राजधानीची काय गत झाली हें इतिहासकार बारकाईनें लिहितात. परंतु त्या राज्यांतील न्यायाधीशांचें काय झालें, त्यांच्या जागीं कोण बसले आणि त्या नव्या माणसांस कायदा कोणीं शिकविला, ही चौकशी क्वचितच केली जाते. वास्तविक पाहतां राज्य पुन्हां उभें राहिलें कीं नाहीं याची खरी कसोटी तेथेंच लागते. या दृष्टीनें आफ्रिका खंडांतील रवांडा देशाचा इ. स. १९९४ नंतरचा वृत्तांत फार बोधप्रद आहे. जो गुन्हा आंतरराष्ट्रीय कायद्यानें सर्वांत घोर म्हणून गणिला, त्याचा न्याय करण्याचें काम ज्या देशावर येऊन पडलें त्याच देशांत न्याय करणारीं माणसें जवळजवळ उरलीं नव्हतीं. तीं कशीं तयार केलीं, त्यांस काय शिकविलें व त्या शिक्षणांत काय उणें राहिलें, याचें विवेचन करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. वंशसंहाराचा प्रतिबंध व शासन करण्याविषयींचा करार संयुक्त राष्ट्रांच्या सभेनें ता. ९ डिसेंबर १९४८ रोजीं मान्य केला आणि रवांडानें तो इ. स. १९७५ सालीं स्वीकारला. परंतु करार स्वीकारणें निराळें आणि तो आपल्या दंडविधानांत उतरविणें निराळें. या गुन्ह्यास शिक्षा काय, हें सांगणारें एकही कलम रवांडाच्या कायद्यांत १९९६ पर्यंत नव्हतें. म्हणजे संहार झाला तेव्हां गुन्ह्यास नांव होतें, पण त्या नांवाखालीं शिक्षा देण्याचा अधिकार देशांतील कोणत्याही न्यायाधीशास नव्हता.

(२)

रवांडा हा मध्य-पूर्व आफ्रिकेंतील डोंगराळ व दाट वस्तीचा लहानसा देश असून त्याचें क्षेत्रफळ सुमारें २६,३०० चौरस किलोमीटर आहे. प्रथम जर्मनांच्या व पहिल्या महायुद्धानंतर बेल्जियमच्या अंमलाखालीं राहून तो ता. १ जुलै १९६२ रोजीं स्वतंत्र झाला. हुतू व तुत्सी हे भेद पूर्वींही होते. परंतु बेल्जियमच्या अंमलांत, १९३० नंतरच्या दशकांत, ते प्रत्येकाच्या ओळखपत्रावर नोंदले जाऊं लागले आणि एकदां नोंदलेला भेद कायमचा झाला. ता. १ ऑक्टोबर १९९० रोजीं युगांडांत वाढलेल्या निर्वासितांच्या सेनेनें, म्हणजे रवांडाच्या देशभक्त आघाडीनें, सरहद्द ओलांडली व युद्ध सुरू झालें. ता. ६ एप्रिल १९९४ च्या रात्रीं राष्ट्राध्यक्षांचें विमान पाडण्यांत आलें, आणि दुसऱ्या दिवसापासून जुलैच्या मध्यापर्यंत, सुमारें शंभर दिवसांत, तुत्सी लोकांची व त्यांच्या बाजूनें बोलणाऱ्या हुतूंची कत्तल झाली. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानें मृतांची संख्या सुमारें ८ लाख आहे. रवांडाच्या सरकारची मोजणी १० लाखांच्या वर जाते.

या कत्तलीच्या पहिल्याच दिवशीं, ता. ७ एप्रिल रोजीं, पंतप्रधान आगात उविलिंगियिमाना यांच्याबरोबर घटना-न्यायालयाचे अध्यक्ष जोझेफ कावारुगांडा यांचाही वध झाला. हा योगायोग नव्हे. राष्ट्राध्यक्ष मेल्यावर नव्या अध्यक्षाची शपथ कायदेशीर रीतीनें ज्याच्या समोर व्हावयाची, तो माणूसच मारेकऱ्यांनीं आधीं नाहींसा केला. यावरून सत्ता बळकाविणारे कायद्याची अडचण किती नीट ओळखून होते हें दिसून येतें.

कत्तलीपूर्वीं देशांत लहानमोठे मिळून सुमारें ७५० न्यायाधीश होते. कत्तल संपली तेव्हां त्यांपैकीं २४४ उरले, असा आंकडा सामान्यतः दिला जातो. सरकारी अभियोक्ते तर बोटांवर मोजण्याइतकेच राहिले. बाकीच्यांपैकीं कित्येक मारले गेले, कित्येक परदेशीं पळाले आणि कित्येकांनीं स्वतः कत्तलींत भाग घेतला. ही तिसरी गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. कारण तीमुळें 'जुन्या न्यायाधीशांस परत बोलवा' हा सोपा उपाय उरला नाहीं. वकिलांची संघटित संस्था तर देशांत पूर्वींही नव्हती. न्यायालयांचीं दप्तरें व सामानसुमान लुटलें गेलें. तिकडे तुरुंग मात्र भरत चालले. कागदोपत्रीं आरोप नाहीं, चौकशी नाहीं, अशा स्थितींत हजारों माणसें धरलीं गेलीं. गितारामाच्या तुरुंगांत दाटीमुळें बसावयासही जागा न मिळून कैदी उभ्यानें दिवस काढीत. पुढें कैद्यांची एकंदर संख्या सव्वा लाखाच्या घरांत गेली.

(३)

नोव्हेंबर १९९५ च्या पहिल्या आठवड्यांत किगाली येथें एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली व या पेंचाचा विचार झाला. परदेशांतून न्यायाधीश आणावे, ही सूचना त्या काळीं पुढें आली होती. पण ती अमलांत आली नाहीं. आपल्या लोकांचा न्याय आपल्याच माणसांनीं केला पाहिजे, हा आग्रह समजण्यासारखा आहे. मात्र त्याची किंमत अशी होती कीं, माणसें ताबडतोब तयार करावीं लागलीं. बेल्जियममधील एका नागरिकसंस्थेनें १९९४ पासूनच या कामास हात घातला होता. तिच्या व इतर परकीय साह्यकर्त्यांच्या मदतीनें तपासनीस, अभियोक्ते व न्यायाधीश यांचे कांहीं महिन्यांचे अभ्यासवर्ग काढण्यांत आले. शिकणाऱ्यांत शिक्षक होते, कारकून होते, नुकते माध्यमिक शाळा सोडलेले तरुण होते. बहुतेकांजवळ कायद्याची पदवी नव्हती. कागद कसा तयार करावा, साक्ष कशी लिहून घ्यावी, आरोप कोणत्या वर्गांत बसतो, निकालास कारणें कशीं द्यावीं, इतकें या थोड्या काळांत शिकविणें भाग होतें.

याच सुमारास, ता. ३० ऑगस्ट १९९६ रोजीं, नवा कायदा झाला. ता. १ ऑक्टोबर १९९० पासून ता. ३१ डिसेंबर १९९४ पर्यंतच्या वंशसंहाराच्या व मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांस तो लागू होता. त्यानें आरोपींचे चार वर्ग केले. पहिल्यांत कटाचे सूत्रधार, अधिकाराचा दुरुपयोग करणारे पुढारी, कुप्रसिद्ध मारेकरी व लैंगिक अत्याचार करणारे. दुसऱ्यांत इतर खुनी. तिसऱ्यांत मृत्यु न आलेल्या गंभीर दुखापती करणारे. व चवथ्यांत मालमत्तेची लूट वा नासधूस करणारे. वेळींच व पुरा कबुलीजबाब दिल्यास शिक्षेंत मोठी सूट ठेविली होती. परंतु याच कायद्यांत असेंही होतें कीं, आरोपीस वकील देण्याचा हक्क आहे, मात्र सरकारच्या खर्चानें नव्हे. ज्या देशांत वकीलच नाहींत व आरोपी बहुधा गरीब शेतकरी, तेथें असा हक्क कागदावरच राहतो.

याचें प्रत्यंतर लगेच आलें. पहिला खटला ता. २७ डिसेंबर १९९६ रोजीं किबुंगो येथें उभा राहिला. आरोपींच्या बाजूस वकील नव्हता. सुनावणी कांहीं तासांत आटोपली व जानेवारीच्या आरंभीं देहांत शिक्षा झाल्या. जगभर टीका झाली. 'सीमातीत वकील' या नांवाच्या युरोपीय संस्थेनें बेल्जियम, आफ्रिकेंतील इतर देश वगैरे ठिकाणांहून वकील आणून आरोपी व पीडित या दोहोंच्याही बाजूनें उभे केले; आणि १९९७ सालीं रवांडांतील वकिलांचें मंडळ कायद्यानें स्थापन झालें. पुढील दोनतीन वर्षांत वकिलासह चालणारे खटले वाढले, निकालपत्रें अधिक सकारण होऊं लागलीं व निर्दोष सुटणाऱ्यांचें प्रमाणही वाढलें. न्यायाधीश तेच, कायदा तोच. फरक पडला तो समोर उभा राहून हरकत घेणारा माणूस आल्यामुळें. आमच्या मतें न्यायाधीशाच्या शिक्षणाचें हें सर्वांत परिणामकारक साधन होय. अभ्यासवर्गांत जें सांगून पटत नाहीं तें प्रतिपक्षाच्या एका प्रश्नानें पटतें. तथापि ता. २४ एप्रिल १९९८ रोजीं २२ अपराध्यांस सार्वजनिक ठिकाणीं गोळ्या घालण्यांत आल्या. त्यांपैकीं कांहींचे खटले या सुधारणेच्या आधींचे होते, ही गोष्ट विसरतां येत नाहीं.

(४)

दुसरी पाठशाळा देशाबाहेर होती. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीनें ता. ८ नोव्हेंबर १९९४ रोजीं ठराव क्रमांक ९५५ अन्वयें रवांडासाठीं आंतरराष्ट्रीय न्यायालय स्थापिलें व पुढें तें टांझानियांतील आरुशा येथें बसूं लागलें. मौज ही कीं, त्या वेळीं समितीचा सभासद असलेल्या रवांडानेंच ठरावाविरुद्ध मत दिलें. न्यायालय देशाबाहेर असावें व त्यास देहांत शिक्षा देतां येऊं नये, या गोष्टी त्यास मान्य नव्हत्या. परिणाम असा झाला कीं, सूत्रधारांस आरुशा येथें अधिकांत अधिक जन्मठेप, आणि त्यांच्या हाताखालील माणसांस किगालींत देहांत शिक्षा, अशी विपरीत स्थिति कांहीं वर्षें राहिली.

परंतु कायद्याच्या शिक्षणांत आरुशाचा वाटा मोठा आहे. ताबा या गांवाचा नगराध्यक्ष जाँ-पॉल आकायेसू याच्या खटल्याचा निकाल ता. २ सप्टेंबर १९९८ रोजीं लागला. १९४८ च्या कराराचा अर्थ लावून एखाद्या आरोपीस वंशसंहाराबद्दल दोषी ठरविणारा आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा हा पहिलाच निकाल. न्यायासनावर सेनेगालचे लैटी कामा, स्वीडनचे लेनार्ट आस्पेग्रेन व दक्षिण आफ्रिकेंतील भारतीय वंशाच्या नवनीतम पिल्ले हे तिघे होते. मूळ आरोपपत्रांत बलात्काराचा उल्लेख नव्हता. सुनावणीच्या ओघांत स्त्रियांच्या साक्षींतून तो बाहेर आला व जून १९९७ मध्यें आरोपपत्र दुरुस्त करण्यांत आलें. विशिष्ट समाजाचा नाश करण्याच्या हेतूनें केलेला बलात्कार हाही वंशसंहारच होय, हें तत्त्व याच निकालानें प्रथम प्रस्थापित केलें.

इतिहाससंशोधकांस या निकालांतील आणखी एक भाग मननीय वाटेल. साक्षीदार किन्यारवांडा भाषेंत बोलत, दुभाषी त्याचें फ्रेंच करी व फ्रेंचवरून इंग्रजी होई. लैंगिक अत्याचारास लोकांच्या बोलण्यांत आडवळणाचे निरनिराळे शब्द होते. 'इन्येंझी' म्हणजे झुरळ हा शब्द कोणीं, केव्हां व कोणाविषयीं उच्चारला यावर हेतूचा पुरावा अवलंबून होता. म्हणून न्यायालयानें मथियास रुझिंदाना या भाषाशास्त्रज्ञाची साक्ष घेतली. ऐकलेली गोष्ट पाहिल्यासारखी सांगण्याची मौखिक परंपरेंतील संवय, तारखा, अंतरें व नकाशे यांविषयीं खेडुतांस वाटणारी अडचण, या सर्वांचा न्यायाधीशांनीं विचार केला. साक्षीदार घोंटाळला म्हणून तो खोटा असें एकदम मानूं नये, आणि तो दुःखी आहे म्हणून खरा असेंही मानूं नये, हा धडा बखरींचा उपयोग करणाऱ्या संशोधकासही परका नाहीं.

दुसरा धडा कटु होता. ता. ३ नोव्हेंबर १९९९ रोजीं आरुशाच्या अपील-पीठानें बारायाग्विझा या आरोपीस, खटल्यापूर्वीं त्यास बेकायदेशीर रीतीनें फार काळ अटकेंत ठेविलें या कारणास्तव, मुक्त करण्याचा हुकूम केला. रवांडांत संतापाची लाट उसळली व सरकारनें न्यायालयाशीं सहकार्य थांबविलें. ता. ३१ मार्च २००० रोजीं, नवीन माहिती पुढें आल्याचें कारण देऊन, तो हुकूम फिरविण्यांत आला; मात्र आरोपीचे हक्क मोडल्याचें मान्य करून त्याबद्दल शिक्षेंत सूट देण्याचें ठरलें. घोर गुन्ह्याच्या आरोपीसही अटकेचे नियम लागू आहेत हें तत्त्व त्या निकालांत शिल्लक राहिलें. परंतु राज्याच्या रोषापुढें न्यायालय वांकलें कीं काय, ही शंकाही शिल्लक राहिली.

(५)

इकडे देशांतील न्यायालयांचा वेग मुळींच पुरेना. पहिल्या पांच वर्षांत निकालांत निघालेले आरोपी कांहीं हजारांपलीकडे गेले नाहींत. या हिशेबानें सर्व कैद्यांचा न्याय होण्यास शतकाहून अधिक काळ लागता. तेव्हां सरकारनें 'गाचाचा' या जुन्या ग्रामन्यायाकडे दृष्टि वळविली. हा शब्द गवतावरून आला आहे. गांवचे वडीलधारे गवतावर बसून तंटे मिटवीत. आपल्याकडील गोतसभेची वाचकांस आठवण होईल. परंतु जुना गाचाचा वतनजमिनीचे व कुटुंबांचे तंटे मिटवी, खुनाचा न्याय करीत नसे. म्हणून जानेवारी २००१ च्या कायद्यानें जें निर्माण झालें तें जुन्या नांवाचें नवें न्यायालय होतें.

ऑक्टोबर २००१ मध्यें लोकांनीं सुमारें अडीच लाख न्यायाधीश निवडले. त्यांस 'इन्यांगामुगायो', म्हणजे अप्रामाणिकपणाचा तिटकारा असणारे, असें म्हणत. कायद्याचें ज्ञान ही अट नव्हती; सचोटी ही होती. इतक्या माणसांस शिकविण्याची रीत उतरंडीची ठेविली : प्रथम कायद्याचे जाणते व विद्यार्थी यांस शिक्षक म्हणून तयार करावयाचें, व त्यांनीं गांवोगांव जाऊन न्यायाधीशांस शिकवावयाचें. हें शिक्षण थोड्याच दिवसांचें होतें. त्यांत आरोपींचे वर्ग, कबुलीजबाबाची रीत, सभा चालविण्याची पद्धति व न्यायाधीशाचे आचारनियम यांचा समावेश होता. जून २००२ मध्यें प्रथम निवडक ठिकाणीं काम सुरू झालें. २००४ च्या कायद्यानें रचना सुटसुटीत करून २००५ पासून तें देशभर पसरलें. एकंदर न्यायालयें सुमारें १२ हजार होतीं. ता. १८ जून २०१२ रोजीं तीं बंद झालीं, तोंपर्यंत सुमारें १९ लाख ५८ हजार प्रकरणें निकालांत निघालीं होतीं. त्यांपैकीं सुमारें १३ लाख २० हजार मालमत्तेविषयींचीं होतीं.

या प्रयोगाचें मूल्यमापन करतांना दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत. कित्येक कुटुंबांस आपल्या माणसांचीं प्रेतें कोठें पुरलीं हें प्रथमच कळलें; वर्षानुवर्षें विनाचौकशी कुजत पडलेले कैदी घरीं गेले. उलट पक्षीं, गाचाचांत वकिलास जागा नव्हती. हजारों न्यायाधीशांवर पुढें स्वतःच कत्तलींत भाग घेतल्याचा आरोप आला व त्यांस पद सोडावें लागलें. वैयक्तिक वैरानें केलेले आरोप, लांच व धाक यांचींही उदाहरणें निरीक्षकांनीं नोंदलीं. २००८ पासून बलात्काराचीं प्रकरणेंही गाचाचाकडे गेलीं. तीं बंद दारांआड चालत, तरी न्यायाधीश त्याच गांवचे शेजारी असत. शिवाय विजयी पक्षाच्या सैनिकांनीं केलेल्या हत्या गाचाचाच्या कक्षेंत आल्या नाहींत. न्यायाधीशास निःपक्षपाताचा पाठ देऊन, कोणाचा गुन्हा त्याच्यापुढें यावयाचा हें आधींच ठरविलें, तर तो पाठ अर्धाच राहतो.

(६)

यापुढील भाग हा शिकलेल्यांच्या परीक्षेचा आहे. २००३ च्या आरंभीं देशांतील ७०२ न्यायाधीशांपैकीं अवघ्या ७४ जणांजवळ कायद्याची पदवी होती. २००४ च्या सुधारणेनें न्यायालयांची फेररचना झाली, न्यायाधीशांची संख्या पुष्कळ कमी करण्यांत आली व पदवीची अट घालण्यांत आली. न्यांझा नांवाच्या, पूर्वीं राजांचें ठिकाण असलेल्या गांवीं न्यायाधीश, अभियोक्ते व वकील यांच्या व्यावसायिक शिक्षणाची कायमची संस्था निघाली. जुलै २००७ मध्यें देहांत शिक्षा रद्द झाली.

आरुशाचें न्यायालय मिटविण्यापूर्वीं तेथील कांहीं खटले रवांडाकडे सोंपवावे काय, हा प्रश्न निघाला. २००८ सालीं आरुशाच्या न्यायाधीशांनीं नकार दिला. बचावाचे साक्षीदार निर्भयपणें येतील अशी खात्री त्यांस नव्हती. रवांडानें कायदे पुन्हां दुरुस्त केले. अखेर ता. २८ जून २०११ रोजीं उविंकिंडी या पाद्र्याचा खटला सोंपविण्यास मान्यता मिळाली व एप्रिल २०१२ मध्यें तो किगालीस पोंचला. त्याच २०११ सालीं युरोपीय मानवी हक्क न्यायालयानें स्वीडनमधून एका आरोपीस रवांडाकडे पाठविण्यास हरकत नाहीं असें ठरविलें. ज्या न्यायालयांनीं पंधरा वर्षांपूर्वीं कांहीं तासांत देहांत शिक्षा सुनावल्या, त्यांवर परकीय न्यायाधीशांनीं विश्वास टाकला, हें यश लहान नव्हे. परंतु तें निर्विवादही नव्हे. उविंकिंडीच्या खटल्यांत वकिलांचें मेहनताना व बचावाचीं साधनें यांवरून दीर्घ वाद झाला, वकील बदलले गेले आणि डिसेंबर २०१५ मध्यें त्यास जन्मठेप झाली. इंग्लंडच्या उच्च न्यायालयानें तर २०१७ मध्येंही आरोपी पाठविण्यास नकार दिला. आरुशाचें न्यायालय ता. ३१ डिसेंबर २०१५ रोजीं बंद झालें.

(७)

वरील वृत्तांतावरून कांहीं निष्कर्ष निघतात. पहिला असा कीं, गुन्ह्याची व्याख्या शिकविणें हा या शिक्षणाचा सोपा भाग आहे. करारांतील शब्द कांहीं दिवसांत पाठ होतात. कठीण भाग तो, जो स्वतःचे आप्त गमावलेल्या न्यायाधीशानें समोरच्या आरोपीस 'तुला काय म्हणावयाचें आहे?' असें मनापासून विचारण्याचा. दुसरा असा कीं, न्यायाधीशाचें व वकिलाचें शिक्षण एकाच वेळीं चाललें पाहिजे. पहिलें पुढें गेलें व दुसरें मागें राहिलें, तेव्हां तेव्हां रवांडांत न्याय लंगडा झाला. तिसरा असा कीं, वेग व खात्री यांपैकीं एकीची निवड करतां दुसरी गमवावी लागते, आणि सव्वा लाख कैदी असलेल्या राज्यास हा हिशेब टाळतां येत नाहीं. रवांडानें वेग निवडला. त्यास दुसरा मार्ग होता असें छातीठोकपणें म्हणणें दुरून सोपें आहे.

चौथी गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांसाठीं आहे. गाचाचाच्या दप्तरांत हातानें लिहिलेलीं कोट्यवधि पानें असून तीं किगाली येथें जतन केलीं आहेत. एका देशांतील जवळजवळ प्रत्येक टेंकडीवर, त्या टेंकडीच्या रहिवाशांनीं, आपल्याच शेजाऱ्यांविषयीं लिहून ठेविलेलें असें दप्तर जगांत दुसरें क्वचितच असेल. त्यांत खरें आहे, खोटें आहे, भीतीनें लिहिलेलें आहे आणि सूड म्हणून लिहिलेलें आहे. थोड्या दिवसांच्या शिक्षणावर त्या न्यायाधीशांनीं जी निवड केली ती बरोबर होती कीं चूक, हें ठरविण्याचें काम आतां संशोधकांकडे आलें आहे; आणि त्यांसही तेच नियम पाळावे लागतील, जे आरुशा येथें दुभाष्याच्या शब्दागणिक शिकावे लागले.